वार कोणाचा खरा? पॅसिफिकमधल्या वाकड्या वाररेषेचा उलगडा

९ जुलै १५२२. आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्डे बेटं आहेत. त्यांतल्या सांतियागो बेटासमोर 'व्हिक्टोरिया' नावाचं एक झिजलेलं जहाज येऊन थांबलं. तीन वर्षांपूर्वी मॅगेलनच्या हाताखाली स्पेनहून पाच जहाजं निघाली होती, त्यांतलं हे एकच घराकडे चाललं होतं. मॅगेलन स्वतः फिलिपिन्समधल्या माक्तानच्या लढाईत मारला गेला होता आणि जहाजाची सूत्रं एल्कानोकडे होती. सांतियागो होतं पोर्तुगीजांचं, म्हणजे स्पेनच्या प्रतिस्पर्ध्यांचं. पण अन्न संपत आलं होतं, त्यामुळे होडी किनाऱ्यावर पाठवण्यावाचून इलाज नव्हता. होडीतल्या लोकांना आणखी एक काम सांगितलं होतं: आज वार कोणता, ते विचारून या.

उत्तर आलं, गुरुवार. जहाजावर मात्र बुधवार होता.

जहाजावरचा रोजनिशीकार पिगाफेत्ता चक्रावला. आपण एकदाही आजारी पडलो नाही, एकही दिवस न चुकता नोंद केली, मग दिवस गेला कुठे, असं त्याने लिहून ठेवलं आहे. नोंद चुकलेली नव्हतीच. सतत पश्चिमेकडे जात पृथ्वीची प्रदक्षिणा केली की एक दिवस कमी भरतो, हे त्याला पुढे उमगलं.

याचा हिशेब एकदा नीट करून पाहण्यासारखा आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. तुम्ही पश्चिमेला १५ अंश सरकलात की तिथे सूर्य एक तास उशिरा डोक्यावर येतो. घड्याळ तिथल्या माध्यान्हीला जुळवायचं तर ते तासभर मागे घ्यावं लागतं. असं चोवीस वेळा केलं की प्रदक्षिणा पूर्ण होते आणि २४ तास मागे घेऊन झालेले असतात. मोहीम २० सप्टेंबर १५१९ रोजी निघाली आणि ६ सप्टेंबर १५२२ रोजी परतली. स्पेनमध्ये घरी बसलेल्या माणसाचे त्या काळात १,०८२ दिवस झाले, जहाजावरच्या माणसांचे १,०८१. दोघांच्या वाट्याला वेळ तितकाच आला. खलाशांचा एकेक दिवस तेवढा लांब होता. हरवलेला दिवस १,०८१ दिवसांवर वाटला, तर दर दिवशी सरासरी ८० सेकंद येतात. सूर्याकडे पाहून दिवस मोजणाऱ्या कुणाला ८० सेकंद जाणवणार!

पूर्वेकडे जात प्रदक्षिणा करणाऱ्याचं उलट होतं. त्याचे दिवस थोडे आखूड असतात आणि परत येताना त्याच्या खात्यात एक दिवस जास्त असतो. सीरियातल्या हमा शहराचा अमीर आणि भूगोलतज्ज्ञ अबुल फिदा याने हे मॅगेलनच्या जवळपास दोनशे वर्षं आधीच मांडलं होतं. त्याचा मृत्यू १३३१ सालचा. त्याने तीन माणसं कल्पिली: एक पश्चिमेला जातो, एक पूर्वेला, तिसरा जागेवर थांबतो. दोघं प्रदक्षिणा करून परत आले की तिघांची दिवसांची मोजणी वेगवेगळी निघणार. तेव्हा कुणीही पृथ्वीप्रदक्षिणा केलेली नव्हती. निव्वळ विचाराने इतक्या दूरवर पोचणाऱ्या या माणसाचं नाव वाररेषेच्या गोष्टीत अभावानेच येतं, याची खंत वाटते.

रेषा लागतेच, पण कुठे?

यातून एक अडचण उभी राहते आणि ती टाळता येत नाही. पूर्वेकडे सरकत जा आणि दर १५ अंशांना घड्याळ एक तास पुढे करा. पूर्ण फेरी मारून निघालेल्या ठिकाणी याल तेव्हा तुमच्या हिशेबाने उद्या असेल आणि गावकऱ्यांच्या हिशेबाने आज. हा विरोध कुठेतरी मोडावा लागतो. पृथ्वीवर एखाद्या ओळीवर 'इकडे सोमवार, तिकडे मंगळवार' असं मान्य करावंच लागतं. ती ओळ कुठे हवी, याबद्दल निसर्गाचं काहीही म्हणणं नाही. विषुववृत्त पृथ्वीच्या फिरण्याने ठरतं. वाररेषा माणसांनी ठरवायची.

शाळेच्या पुस्तकात तिला 'आंतरराष्ट्रीय वाररेषा' म्हणतात. हे नाव मला फार नेमकं वाटतं. तारखा दिनदर्शिकेगणिक बदलतात. त्या काळी युरोपातच दोन दिनदर्शिका चालत होत्या. पण सात वारांची साखळी ख्रिस्ती, ज्यू आणि मुसलमान या सगळ्यांनी अखंड चालवली. त्यामुळे भांडण नेहमी वारावरून झालं: तुमचा रविवार खरा की आमचा?

आणि हे भांडण झालं ते पॅसिफिक महासागरात, कारण युरोपातली माणसं तिथे दोन बाजूंनी पोचली. काही जण आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडे येत गेले, तर काही अमेरिका ओलांडून पश्चिमेकडे. दोघांनीही घरून निघताना आपापला वार बरोबर घेतला होता. वाटेत कुणी खाडा केला नाही, कुणी दिवस जास्तीचा धरला नाही. तरीही आशियाच्या किनाऱ्यावर समोरासमोर आले तेव्हा दोघांत एका दिवसाचं अंतर होतं.

सर्वांत ठळक उदाहरण मनिलाचं. स्पॅनिश लोक फिलिपिन्सला मेक्सिकोहून येत. १५६५ पासून पुढे अडीच शतकं अकापुल्को ते मनिला अशी जहाजं चालली आणि फिलिपिन्सचा कारभारही मेक्सिकोमार्फतच होई. म्हणून मनिलाचा वार अमेरिकेचा होता. जवळच चीनच्या किनाऱ्यावर मकाव, तिथे पोर्तुगीज. ते आफ्रिका आणि हिंदी महासागराच्या वाटेने आलेले, म्हणून एक दिवस पुढे. मनिलात शनिवार असताना मकावच्या चर्चमध्ये रविवारची प्रार्थना चालू असे.

१८१५ मध्ये ही जहाजवाहतूक थांबली आणि १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला. मनिलाचा व्यापार आता आशियाई बंदरांशी होता, मग अमेरिकेचा वार कशासाठी सांभाळायचा? गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया याने हुकूम काढला. सोमवार, ३० डिसेंबर १८४४ नंतर थेट बुधवार, १ जानेवारी १८४५ उजाडला. ३१ डिसेंबरचा मंगळवार फिलिपिन्समध्ये झालाच नाही. १८४४ हे लीप वर्ष होतं, म्हणजे ३६६ दिवसांचं. फिलिपिन्सपुरते त्याचे ३६५ च दिवस भरले. त्या देशाची जुनी कागदपत्रं चाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. स्पॅनिश आमदानीतल्या १८४५ पूर्वीच्या तिथल्या तारखा मकावच्या तारखांशी जुळवायच्या, तर त्यांत एक दिवस मिळवावा लागतो.

अलास्काचं नेमकं उलटं. तिथे रशियन लोक सायबेरिया ओलांडून पूर्वेकडे आले, म्हणून वार आशियाचा. वर रशियात जुनी ज्युलियन दिनदर्शिका, जी एकोणिसाव्या शतकात ग्रेगोरियनच्या १२ दिवस मागे होती. १८६७ मध्ये अमेरिकेने ७२ लाख डॉलरना अलास्का विकत घेतलं तेव्हा दोन दुरुस्त्या एकदम कराव्या लागल्या. सिटका गावात शुक्रवार, ६ ऑक्टोबर संपला आणि दुसरा दिवस उजाडला तो शुक्रवार, १८ ऑक्टोबर. दिनदर्शिका बदलल्याने ६ चे १८ झाले, त्यावर एक दिवस पुढे सरकला तर १९ यायला हवे होते. पण रेषा आता अलास्काच्या पश्चिमेला गेली होती, म्हणून एक दिवस परत मागे. तारखा अकरा गाळल्या गेल्या आणि शुक्रवार मात्र दोनदा आला. हे वाक्य घाईत वाचलं तर डोकं गरगरतं. कागदावर दोन ओळी मांडून पाहा, लगेच पटेल.

१८८४ मध्ये काय ठरलं आणि काय ठरलंच नाही

'वॉशिंग्टनच्या परिषदेने ग्रीनिच रेखावृत्त आणि वाररेषा ठरवली' असं वाक्य पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. त्याचा दुसरा अर्धा भाग चूक आहे.

ऑक्टोबर १८८४ मध्ये २५ देशांचे ४१ प्रतिनिधी वॉशिंग्टनला जमले. प्रश्न मूळ रेखावृत्ताचा होता. जगातल्या जहाजवाहतुकीपैकी, टनभारात मोजलं तर, सुमारे ७२ टक्के तेव्हाच ग्रीनिचवर आधारलेले नकाशे वापरत होती. ठरावाच्या बाजूने २२ मतं पडली, सान दोमिंगोने (आजच्या डोमिनिकन प्रजासत्ताकाने) विरोध केला, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. फ्रान्सने तर १९११ पर्यंत पॅरिसचीच वेळ चालवली आणि त्या वर्षी केलेल्या कायद्यातही ग्रीनिचचा उल्लेख टाळला. 'पॅरिसची सरासरी वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे' अशी त्याची शब्दरचना होती.

परिषदेने इतकंच म्हटलं की रेखांश ग्रीनिचपासून पूर्वेला आणि पश्चिमेला १८० पर्यंत मोजावेत आणि वैश्विक दिवस ग्रीनिचच्या मध्यरात्री सुरू व्हावा. कुठल्या देशाने कोणता वार पाळावा, याबद्दल ठराव केला नाही. १८० अंशांचं रेखावृत्त बहुतेक समुद्रातून जातं, त्यामुळे वाररेषा त्याच्या आसपास असणं सोयीचं ठरलं. पण तिची जागा सांगणारा कुठलाही आंतरराष्ट्रीय करार आजही अस्तित्वात नाही. प्रत्येक देश आपली प्रमाणवेळ आणि आपला वार स्वतः जाहीर करतो. नकाशे बनवणारे त्या सगळ्या देशांच्या मधून एक रेघ ओढतात. म्हणूनच वेगवेगळ्या नकाशांत ती थोडी वेगळी दिसते, विशेषतः किरिबाती या बेटांच्या देशाभोवती.

खुल्या समुद्रासाठी मात्र पद्धत ठरलेली आहे. १९१७ पासून जहाजं किनाऱ्यापासून दूर असताना सरळ १८० अंशांची रेषा धरतात आणि एखाद्या देशाच्या हद्दीतल्या पाण्यात शिरली की त्या देशाची तारीख. विमानांच्या नोंदी सरसकट ग्रीनिच वेळेत होतात, म्हणून वैमानिकाला वाटेत तारीख बदलावी लागत नाही.

आता नकाशा उघडा आणि रेषेवरून उत्तरेकडून खाली या. उत्तर ध्रुवाकडून १८० अंशांवर निघालेली रेषा आधी पूर्वेला वळते, नाहीतर रशियाच्या चुकोत्का द्वीपकल्पाचे दोन तुकडे होऊन दोन वार झाले असते. बेरिंगच्या सामुद्रधुनीत ती दोन छोट्या बेटांच्या मधून जाते. मोठं डायोमीड रशियाचं, छोटं डायोमीड अमेरिकेचं, मध्ये जेमतेम पावणेचार किलोमीटर पाणी. हिवाळ्यात हे पाणी गोठतं. घड्याळांत २१ तासांचा फरक, उन्हाळ्यात २०. दोन्ही बेटांवर इन्युपियाट लोकांची नातीगोती होती, जाणं-येणं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सरकारने मोठ्या बेटावरची वस्ती मुख्य भूमीवर हलवली, १९४८ मध्ये सीमा बंद झाली आणि घरं तुटली. नकाशावरच्या सगळ्या वळणांत मला हे वळण सर्वांत जड वाटतं. १९८७ मध्ये लिन कॉक्स ही अमेरिकन जलतरणपटू छोट्या बेटावरून मोठ्या बेटापर्यंत त्या बर्फगार पाण्यातून पोहत गेली. तिला दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागला आणि ती पोचली ती दुसऱ्या दिवशीच्या तारखेत.

तिथून रेषा पश्चिमेला झुकते, अलूशियन बेटांची शेपटी अमेरिकेच्या बाजूला ठेवण्यासाठी. मग ती पुन्हा १८० वर येते आणि विषुववृत्ताजवळ पूर्वेला एकदम मोठी झेप घेते, जवळजवळ १५० अंश पश्चिमेपर्यंत. तो किरिबातीचा फुगवटा. त्याच्या खाली तोकेलाऊ, सामोआ आणि टोंगा यांना आशियाच्या बाजूला घेत ती दक्षिणेकडे उतरते, न्यूझीलंडच्या चॅथम बेटांना वळसा घालते आणि मग १८० वर परत येते. फिजीत तर १८० अंशांचं रेखावृत्त थेट जमिनीवरून जातं. तावेउनी बेटावर वायेव्हो गावाजवळ त्याची पाटी आहे. पाटीच्या एका अंगाला एक पाय, दुसऱ्या अंगाला दुसरा, असे फोटो लोक काढतात. पण दोन्ही पाय एकाच तारखेत असतात, कारण सबंध फिजीचा वार एकच आहे.

सामोआ: दोनदा बाजू बदललेला देश

वार हा शेजाऱ्यांच्या सोयीने निवडायचा असतो, हे सामोआइतकं स्पष्टपणे कुणीच दाखवलेलं नाही.

सुरुवातीला सामोआचा वार आशियाचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्यापार कॅलिफोर्नियाशी वाढला. अमेरिकन व्यापाऱ्यांनी राजा मालिएतोआ लाउपेपा याचं मन वळवलं आणि १८९२ मध्ये देश अमेरिकेच्या बाजूला गेला. त्यासाठी एक दिवस दोनदा जगावा लागतो. दिवस निवडला ४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या वर्षी सामोआत ४ जुलै लागोपाठ दोन दिवस होता. आणि १८९२ लीप वर्ष असल्यामुळे तिथे ते ३६७ दिवसांचं झालं.

पुढची ११९ वर्षं असं चाललं. पण दरम्यान परिस्थिती पालटली. सामोआची माणसं कामाला जातात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाला, माल येतो तिथूनच, पैसा येतो तिथूनच. आणि वार मात्र अमेरिकेचा. याचा त्रास बोटांवर मोजता येतो. सामोआत शुक्रवार असला की ऑकलंडला शनिवार, कार्यालयं बंद. सामोआत रविवार असला, सगळे चर्चमध्ये असले की ऑकलंडला सोमवार, कामकाज सुरू. दोन्हीकडे कचेऱ्या उघड्या असतील असे दिवस आठवड्यात चारच उरत. बँकेचा व्यवहार शुक्रवारी दुपारी अडकला की तो सामोआच्या हिशेबाने रविवारी सुटणार, आणि तेव्हा सामोआत उचलायला कुणी नाही.

सामोआच्या सरकारने याआधी, सप्टेंबर २००९ मध्ये, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूऐवजी डाव्या बाजूने चालवायचा नियम केला होता, म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडहून स्वस्त गाड्या आणता याव्यात. वार बदलणं ही त्याच वाटेवरची पुढची पायरी. गुरुवार, २९ डिसेंबर २०११ च्या मध्यरात्री राजधानी आपिआत लोक घड्याळाच्या मनोऱ्याजवळ जमले. बारा वाजले आणि शनिवार, ३१ डिसेंबर सुरू झाला. सामोआच्या जन्मनोंदणीत ३० डिसेंबर २०११ ही तारीख असूच शकत नाही. न झालेल्या त्या शुक्रवारचा पगार मालकांनी कामगारांना द्यावा, अशी तजवीजही केली गेली. शेजारचं तोकेलाऊ त्याच रात्री बरोबर आलं.

अमेरिकन सामोआ मात्र जागेवर राहिला. तो अमेरिकेचा प्रदेश, त्याचं सगळं अमेरिकेशी बांधलेलं. आपिआ ते तिथलं मुख्य गाव पागो पागो हे अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. भाषा एक, नातेवाईक दोन्हीकडे. दोन्हीकडे घड्याळात सकाळचे दहाच वाजलेले असतात, फक्त एकीकडे शनिवार असतो आणि दुसरीकडे शुक्रवार.

किरिबातीची गोष्ट याहून बिकट होती, कारण तिथे रेषा देशाच्या पोटातून जात होती. ३३ बेटं, सगळी मिळून जमीन ८११ चौरस किलोमीटर, आणि ती पसरलेली सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्रावर. १९७९ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा राजधानी तारावा आशियाच्या वारात, तर फिनिक्स आणि लाइन बेटं अमेरिकेच्या वारात. तारावा आणि किरितिमाती यांच्यात ३,००० किलोमीटरहून जास्त अंतर आणि घड्याळात २२ तासांचा फरक. १९९५ चं वर्ष उगवताना सरकारने पूर्वेकडच्या बेटांचा एक दिवस गाळला आणि सगळा देश एका वारावर आणला. आता फरक दोन तासांचा आहे.

म्हणूनच किरितिमातीची वेळ ग्रीनिचच्या १४ तास पुढे आहे. १८० अंशांवर १२ तास होतात, मग १४ कुठून आले, असा प्रश्न अनेकांना पडतो. हे बेट हवाईच्या साधारण दक्षिणेला आहे आणि हवाईची वेळ ग्रीनिचच्या १० तास मागे. सूर्य दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी डोक्यावर येतो. दोन्हीकडे घड्याळं तंतोतंत सारखी चालतात, तारीख तेवढी किरितिमातीची एकाने पुढे. उणे १० मध्ये २४ मिळवा, अधिक १४ येतात. (त्या भाषेत 'ति' चा उच्चार 'स' च्या जवळ जातो. किरिबातीला तिथले लोक 'किरिबास' म्हणतात, ते 'गिल्बर्ट्स' चं रूप. आणि किरितिमाती म्हणजे 'ख्रिसमस'.)

सरकारांनी वार बदलला की श्रद्धेचे प्रश्न उभे राहतात, आणि ते क्षुल्लक समजू नयेत. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक सातव्या दिवशी, म्हणजे शनिवारी, विश्रांती पाळतात. टोंगा १८० अंशांच्या पूर्वेला असूनही आशियाचा वार पाळतं. तिथल्या ॲडव्हेंटिस्टांनी असं धरलं की खरी रेषा १८० अंशांचीच, त्यामुळे टोंगाचा रविवार हाच मुळात शनिवार. म्हणून ते रविवारी चर्चला जातात. २०११ नंतर सामोआतही हाच पेच आला. सातव्या दिवसांची साखळी अखंड ठेवायची तर आता रविवार पाळायला हवा. दिनदर्शिकेवरचं नाव पाळायचं तर शनिवार. तिथल्या मंडळींत यावरून फूट पडली, काही रविवारी जमू लागले, काहींनी शनिवार सोडला नाही.

हिशेब करताना कुठे चुकतं

सर्वांत सुरक्षित रीत: आधी सगळं ग्रीनिच वेळेत आणा, प्रवासाचे तास मिळवा, मग पोचण्याच्या ठिकाणच्या वेळेत न्या. तारीख प्रत्येक पायरीला सोबत लिहा.

टोकियो ग्रीनिचच्या ९ तास पुढे, होनोलुलू १० तास मागे. टोकियोहून विमान सोमवारी रात्री ९ ला निघालं, म्हणजे ग्रीनिचला सोमवार दुपारचे १२. सात तासांनी ग्रीनिचला सोमवार संध्याकाळचे ७. त्यातून १० वजा, म्हणजे होनोलुलूत सोमवार सकाळचे ९. सोमवारी रात्री निघून सोमवारी सकाळी पोचलात. परतीला वारा समोरून येतो, साडेआठ तास धरा. होनोलुलूहून सोमवारी दुपारी १२ ला निघालात, ग्रीनिचला सोमवार रात्रीचे १०. साडेआठ तासांनी मंगळवार सकाळचे साडेसहा, अधिक ९, म्हणजे टोकियोत मंगळवार दुपारचे साडेतीन.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ग्रीनिचमार्गे हिशेब करूनही शेवटी 'वाररेषा ओलांडली ना' म्हणून आणखी एक दिवस वजा करणं. अधिक ९ आणि उणे १० या आकड्यांत रेषा आधीच धरलेली असते. दिवस वेगळा वजा करायचा तो फक्त दुसऱ्या रीतीत, जिथे घड्याळातला फरक तेवढा पाहता. होनोलुलूचं घड्याळ टोकियोच्या ५ तास पुढे आणि तारीख एक मागे, असं. दोन्ही रीती बरोबर आहेत. एका हिशेबात एकच वापरा. दुसरी चूक लंडनची: उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ ग्रीनिच वेळेच्या एक तास पुढे असतं, त्यामुळे 'लंडनला किती वाजले' यावरून केलेला हिशेब तासाने हुकतो.

मुक्कामाचं आरक्षण हे चुकीचं आणखी एक ठिकाण. आपिआहून १० तारखेला सकाळी निघालात तर पागो पागोला ९ तारखेच्या सकाळी उतरता. खोली १० पासून घेतली असेल तर ९ ची रात्र उघड्यावर. उलट बाजूने ९ ला निघून १० ला पोचता, तेव्हा ९ च्या रात्रीचे भरलेले पैसे वाया. आरक्षण नेहमी उतरण्याच्या ठिकाणच्या तारखेने करावं.

वेळा इतक्या ताणल्या गेल्यामुळे पृथ्वीवर रोज थोडा वेळ तीन तारखा एकदम चालू असतात. ग्रीनिच वेळेनुसार मंगळवार सकाळचे साडेदहा घ्या. पागो पागोत सोमवार रात्रीचे साडेअकरा आहेत, किरितिमातीत बुधवार उजाडून अर्धा तास झाला आहे, आणि आफ्रिका-युरोपात मंगळवार. शिवाय हाउलंड आणि बेकर ही अमेरिकेची दोन निर्मनुष्य बेटं ग्रीनिचच्या १२ तास मागे धरली जातात. त्यामुळे कोणतीही एक तारीख किरितिमातीत सुरू होऊन या दोन बेटांवर संपेपर्यंत ५० तास जिवंत राहते.

इतिहास वाचताना तर वाररेषा सरळ अर्थच बदलून टाकते. पर्ल हार्बरवरचा हल्ला ७ डिसेंबर १९४१ चा, मलायात कोटा भारूला जपानी सैन्य उतरलं ते ८ डिसेंबरला. या तारखा वाचून कुणालाही वाटेल की आधी पर्ल हार्बर आणि दुसऱ्या दिवशी मलाया. आता ग्रीनिच वेळ लावून पाहा. हवाईची वेळ तेव्हा साडेदहा तास मागे होती. हल्ला सकाळी ७ वाजून ४८ मिनिटांनी सुरू झाला, म्हणजे ग्रीनिचला ७ तारखेच्या संध्याकाळी ६:१८. मलायाची वेळ साडेसात तास पुढे, त्यामुळे त्या क्षणी कोटा भारूत ८ तारखेच्या रात्रीचे १:४८ झाले होते. आणि तिथल्या किनाऱ्यावर तोफा साडेबाराच्या सुमारासच धडधडू लागल्या होत्या, म्हणजे पर्ल हार्बरवर पहिला बॉम्ब पडण्याच्या तासाभराहून अधिक आधी.